धुतलेलं विमान

दार उघडून चपला काढताना सहादेवच्या नाकात आधी फिनेलचा वास शिरला आणि मग त्याला दिसलं की विमान धुतलेलं आहे. पुसलेलं नव्हे, झटकलेलं नव्हे, धुतलेलं. हॉलच्या मधोमध दोन टेबलं जोडून त्यांवर ते नेहमीसारखंच उभं होतं, नाक खिडकीकडे, शेपूट स्वयंपाकघराच्या दाराकडे. पण सकाळी पहिल्या पाळीला जाताना त्यानं पाहिलेलं विमान हे नव्हतं. ते दमलेलं होतं, पोटाखाली काळवंडलेलं, पंखांच्या मुळाशी तेलकट, चाकांवर धूळ बसलेलं. हे शाळेच्या पहिल्या दिवशी न्हाऊमाखू घालून उभ्या केलेल्या पोरासारखं दिसत होतं. एका हातात किल्ली आणि एकाच पायात चप्पल अशा अवस्थेत तो उभा राहिला. चोरानं घर धुऊन नेलं असं लोक म्हणतात. हा चोर नुसताच धुऊन गेला होता. मग भिंतीशी ठेवलेली रेक्झिनची बॅग दिसली, तिच्यावर घडी घातलेली शाल दिसली. वैजयंता आली होती. त्याची बायको. न कळवता, आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडून.

ती जालन्याला गेली होती आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून, महिन्याभरासाठी. सासू काही वर्षं अंथरुणात राहिली आणि गेली. त्यानंतर तिकडे राहण्याचं काही कारण उरलं नव्हतं, तरी वैजयंता आली नाही. त्यानं ये म्हटलं नाही, तिनं येत नाही म्हटलं नाही. तळमजल्यावरच्या सुलूताईंकडे तिचा फोन यायचा. सहादेव खाली उतरून रिसीव्हर कानाला लावायचा आणि दोघं पाण्याची चौकशी करायचे. टँकर येतो का? येतो. खारट असतं का? नाही, बरं असतं. मग दोन्हीकडून थोडी खरखर ऐकू यायची आणि सुलूताई, आपण ऐकत नाही हे दाखवायला, उगाच मिक्सर लावायच्या. तिकडे भावानं, बुद्धभूषणनं, तिला बालवाडीत काम मिळवून दिल्याचंही त्याला असंच, पाण्याच्या चौकशीमधे, कळलं होतं. किल्ली मात्र तिनं परत पाठवली नव्हती. माणूस कशावरही तग धरतो. सहादेव त्या किल्लीवर धरून होता.

त्यानं दुसरी चप्पल काढली, दार लावून घेतलं आणि विमानाशी गेला. हे विमान म्हणजे हंटर. लढाऊ, एका माणसाचं. खऱ्याच्या आठव्या हिश्श्याएवढं केलं तरी लांबीला खुद्द सहादेवएवढं झालं होतं. मीरा रोडच्या या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोघं पहिल्यांदा राहायला आली, आजूबाजूला मिठागरं होती आणि इमारतींच्या मधून बेडूक ओरडत, तेव्हा त्यानं ते सुरू केलं होतं. आता खिडकीतून दुसऱ्या इमारतीचे वाळत घातलेले परकर दिसत, आणि विमानाला अजून शेवटचा हात द्यायचा राहिला होता. आतला सांगाडा प्लायवुडचा. वरचा पत्रा भाईंदरच्या छापखान्यातून आणलेल्या, वापरून टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटांचा. छापलेली बाजू आत घेतल्यामुळे विमानाच्या पोटात कुणाकुणाच्या लग्नपत्रिका आणि एका पतसंस्थेचा अहवाल कायमचा बंद झाला होता. पत्र्यावरच्या रिव्हेटच्या ओळी त्यानं वैजयंताच्या शिवणाच्या डब्यातल्या, कापडावर खुणा पाडायच्या दातेरी चाकानं उठवल्या होत्या. कॉकपिटमधल्या घड्याळांचे काटे भिंगाखाली काढले होते. हे सगळं झाल्यावर, रंग देऊन झाल्यावर, ते समोर उभं राहिलं आणि त्याला एकदम परकं वाटलं. दुकानातल्या शोकेससारखं. तेव्हा त्यानं घाण करायला घेतली.

आणि ती घाण करायला जितका वेळ लागला तितका कुठल्याच पंखाला लागला नव्हता. दिव्याची काजळी, कुटलेला कोळसा, विटेची भुकटी, थोडं जळकं तेल. मऊ ब्रशानं, श्वास रोखून, जिथं जशी बसते तिथं तशी. नाकाखाली तोफांच्या नळ्यांमागे धुराचे पट्टे. पोटाखाली तेलाचा ओघळ, मागे मागे पुसट होत गेलेला. पंखावर चढायच्या जागी बुटांनी रंग खरवडलेला. वरून वॉर्निश मारलं की हे सगळं पक्कं होणार होतं, पण खाडीच्या दमट हवेत वॉर्निश दुधाळ पडतं, म्हणून तो कोरड्या वाऱ्याची वाट बघत थांबला होता. त्यामुळे काजळी नुसतीच बसलेली होती, खऱ्या विमानावर बसते तशी. ओल्या फडक्यानं निघेल अशी. आता त्यानं वाकून पोटाखालून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. रिव्हेटच्या खळग्यांतलंसुद्धा काही ठेवलं नव्हतं तिनं. मोरीच्या कट्ट्यावर जुना टूथब्रश उन्हाला लावलेला दिसत होता. कुठे ओरखडा नाही, काही वाकलेलं नाही, अँटेनाची केसासारखी तार जागच्या जागी. त्यानं कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं. वैमानिकाच्या आसनाचे पट्टे त्यानं कडेनं मुद्दाम उसवले होते, रोज ओढून ओढून जीर्ण झाल्यासारखे. दोन संध्याकाळी सुईच्या टोकानं एकेक धागा सोडवला होता. ते पट्टे वैजयंतानं दुमडून, बारीक टीप घालून शिवून टाकले होते. सहादेवला संताप आला. पण तो कुणीकडे सोडावा हे त्याला कळेना, कारण ती टीप फार सुरेख होती, आणि एवढ्या अरुंद जागेत हात घालून ती घालताना तिची पाठ किती दुखली असेल हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार होतं?

तो खुर्चीत बसला. खाली कुठे तरी टँकरचा पाइप ओढल्याचा आवाज झाला. खरं म्हणजे हवाई दलातल्या नोकरीची सगळी वर्षं त्यानं तरी दुसरं काय केलं होतं? जामनगरला संध्याकाळी विमान उतरलं की फडकं आणि बादली घेऊन पोटाखाली शिरायचं ते त्यानंच. रोज तीच काजळी, त्याच जागी. हवालदारासारखा ओरडणारा एक वॉरंट ऑफिसर होता, तो पांढरा रुमाल फिरवून बघायचा. तेव्हा सहादेवला त्या काजळीचा राग यायचा, हातांच्या रेषांमधून ती निघायची नाही, जेवताना भाकरीला लागायची. पण पुसण्याआधीचा एक क्षण असायचा. विमान येऊन उभं राहिलेलं, इंजिन बंद, आतून कढई निवताना येतात तसे टिकटिक आवाज येताहेत, आणि तो पोटावर तळहात टेकवायचा. गरम. आलं. त्या एका क्षणात त्याला जे वाटायचं त्याला नाव नव्हतं आणि ते सांगायला माणूस नव्हतं. बराकीत असलं बोललं तर वर्षभर टोपणनाव पडलं असतं. स्वच्छ विमान सकाळी जायचं. मळलेलं विमान म्हणजे परत आलेलं. एवढंच त्याला आपल्या हंटरवर पाहिजे होतं, बाकी रिव्हेट वगैरे काय, कुणीही पाडील.

तिचं चुकलं असंही त्याला म्हणता येईना. त्या घरची तऱ्हाच तशी. सासूचा सगळा जन्म दुसऱ्यांची आवारं झाडण्यात गेला आणि म्हणूनच तिच्या स्वतःच्या घरात बोटाला धूळ लागेल अशी जागा नव्हती. ती म्हणायची, आपल्या घरी येणारा माणूस आधी तांब्या बघतो, मग आपल्याकडं बघतो. भांडी राखेनं घासून फळीवर अशी मांडायची की अंधारातही दिसावीत. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींची काच रोज, आणि उंबरा दिवसातून दोनदा. लोकांनी पिढ्यान्पिढ्या ज्यांना घाण म्हटलं त्यांची लेक, ती घरात काळवंडलेली वस्तू बघून स्वस्थ कशी बसेल? लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत सहादेव सासुरवाडीला गेला तेव्हा वैजयंतानं त्याला पाणी दिलं. तांब्यात त्याला आपला चेहरा दिसला, मिशी फुटलेला, वेडावाकडा. ती समोर उभी होती, नवी, काही ऐकायला मिळेल म्हणून थांबलेली. आणि तो म्हणाला, "तांब्या चांगला आहे." ती तरी हसली होती. पुढच्या सगळ्या सुट्ट्या तशाच गेल्या. तो यायचा, ट्रंक उघडायचा, आणलेल्या वस्तू काढून ठेवायचा, दुरुस्तीला आलेलं काही असेल तर दुरुस्त करायचा. मुलगी पंचशीला मोठी होत गेली, त्याला बघून आईच्या मागे लपायची वर्षं संपली आणि नमस्कार करायची वर्षं सुरू झाली. आता ती नागपूरला नोकरीला होती. हवाई दलाची नोकरी सुटून सहादेव घरी आला, हॉटेलात एअरकंडिशनिंगच्या दुरुस्तीवर लागला, दोघं पहिल्यांदा एका छपराखाली रोजची राहायला लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एकमेकांशी बोलायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नाही. त्यानं प्लायवुड आणलं.

बेल वाजली. दारात सुलूताई होत्या, हातात वाटी. "भावजी, वहिनींनी कोथिंबीर मागितलेली, ही घ्या. कसलं चकाचक केलंनी हो घर! मी म्हटलं, जेवा तरी आधी, प्रवासातून आलाय. नाय म्हणाल्या. पण ड्रम रिकामा केलानी हां विमानापायी, आणि उद्या टँकर नाय. हसू नका, खरंच सांगतेय." सहादेव हसत नव्हता. तेवढ्यात जिन्यातून वैजयंता वर आली, पिशवीत मेथी, घामानं कपाळ ओलं, केस पूर्वीपेक्षा पांढरे. वाटी कुणाच्या हातात द्यावी हे सुलूताईंना कळेना, त्यांनी ती चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि त्या खाली गेल्या.

"आलात?" वैजयंता म्हणाली. जणू गावाहून तोच आला होता.

"तू कधी आलीस?"

"सकाळीच. तुम्ही गेलात अन् मी आले. थोडक्यात चुकामूक झाली." ती आत आली, मेथी पसरून खाली बसली. मग वर न बघता म्हणाली, "मी काही ठरवून आले नाही. बुद्धभूषण म्हणतो, ताई, इकडंच राहा आता, तुला काय कमी आहे. म्हणलं, एकदा घर बघून येते. आज रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट काढून दिलंय त्यानं. पण तिकीट काय, कागदच. फाडता बी येतं."

तिनं हे मेथी निवडताना म्हणायच्या आवाजात म्हटलं, पण तिचे हात थांबले होते. सहादेवला कळलं की ही ती वेळ. राहा. दोन अक्षरं. इतकी वर्षं एकट्यानं भात लावून, एकाच ताटात जेवून, ते ताट एकट्यानं विसळून जे साठलं होतं ते सगळं त्या दोन अक्षरांत मावणारं होतं. तो म्हणाला, "विमान धुतलंस."

"हां. लई घाण झालं होतं. म्हणलं, एकटा माणूस, कुठं कुठं पुरणार." मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काहून? काही बिघडवलं का मी?"

"नाही, बिघडवलं नाहीस." तो थांबला. "ती घाण मी लावली होती."

"तुम्ही?"

"मुद्दाम. ब्रशानं."

वैजयंता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, मेथीच्या जुडीसकट ती हसली. "अगं माय! अन् मी दुपारपर्यंत कंबर मोडून घेतली!" सहादेवलाही हसू आलं. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये दोन माणसं एकदम हसली नव्हती. हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, जुडी बाजूला सारली आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "पण काहून लावता घाण? सांगा की. मला काय समजतंय त्यातलं, पण सांगा."

आणि सहादेव बोलायला लागला. सुरुवातीला अडखळत, पंखाला हात लावून, ही अशी, इथं तोफा असतात, उडवल्या की धूर मागं जातो. मग त्याचा आवाज मोकळा झाला. त्यानं तिला विमानाच्या पोटातल्या लग्नपत्रिका सांगितल्या, तिच्या शिवणाच्या डब्यातल्या चाकाची चोरी सांगितली, ती म्हणाली, मी ते शोधून शोधून थकले होते. त्यानं सांगितलं की जामनगरला पहाटे धावपट्टीवर मोर येत आणि त्यांना हाकलायला एक माणूस ठेवलेला असे, बाबाजी नावाचा, तो मोरांना शिव्या देताना त्यांना नावानं हाक मारायचा. ती पुन्हा हसली. त्यानं सांगितलं की विमानं गेली की जमिनीवर कशी शांतता पडते, हातातली कामं चाललेली असतात पण सगळ्यांचे कान वर असतात, आणि आवाज यायला लागला की प्रत्येकजण मान खाली ठेवूनच मोजतो, कुणी मोठ्यानं मोजत नाही, तो अपशकुन. त्यानं तिला तो तळहात सांगितला. गरम पत्रा, आतली टिकटिक. कुणालाही न सांगितलेलं ते नाव नसलेलं काहीतरी त्यानं तिला, भिंतीला टेकून बसलेल्या आपल्या बायकोला, सरळ सांगितलं, आणि त्याला आश्चर्य वाटलं की त्यासाठी शब्द होते, साधे, घरातलेच. खिडकीतलं ऊन सरकत टेबलाखाली गेलं. त्याला वाटत होतं, हेच ते. आता ती राहील. आपण राहा म्हणायची गरजच नाही, हे सगळं म्हणजे तेच तर आहे.

"एकदा," तो म्हणाला, "एक विमान आलंच नाही वेळेवर. सगळी आली, आमचं नाही. अंधार पडायला आला. मी बादली घेऊन उभा. मग लांबून आवाज आला. उतरलं. दुसरीकडे उतरून इंधन घेऊन आलं होतं, काही झालं नव्हतं. मी पोटाखाली शिरलो आणि वैजू, मी रडलो. फडकं तोंडाला लावून रडलो. त्या काजळीनं तोंड काळं झालं, दुसऱ्यांनी विचारलं तर म्हटलं तेल उडालं."

"रडलात?"

"हो."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानंच म्हणायचं."

वैजयंतानं जुडी पुन्हा ओढून घेतली, एक काडी उचलली, पानं तोडली नाहीत. "आपलं बाळ गेलं," ती म्हणाली, "पंचशीलाच्या आधीचं. तुम्हाला तार केली, तुम्ही तिसऱ्या दिवशी पोचलात. मी दारातच बसलेली होते. तुम्ही आलात, ट्रंक खाली ठेवली अन् काय बोललात, आठवतं का?"

सहादेवला आठवत नव्हतं. त्याला दार आठवत होतं, तिचे मोकळे केस आठवत होते.

"म्हणालात, गाडी लेट होती." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझी आई लई चिडली होती तवा. मीच तिला म्हणलं, आई, ह्या माणसापाशी शब्दच नाहीत. पांगळ्याला कुणी म्हणतं का, चालत काहून नाहीस? मुक्यावर काय रुसायचं? इतकी वर्षं मी असंच समजून नांदले हो. कुणी काही बोललं की सांगायची, त्यांना बोलता येत नाही, पण मनानं चांगले आहेत." तिनं विमानाकडे पाहिलं, नाकापासून शेपटीपर्यंत, तिनंच लखलखीत केलेल्या त्या विमानाकडे. "किती चांगलं बोलता तुम्ही. मला आज कळलं."

ती उठली. मेथी घेऊन आत गेली, तिनं भाजी फोडणीला टाकली, पोळ्या लाटल्या. सहादेव दारात उभा राहून तिची पाठ बघत होता. आताच्या आता काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द आहेत हे दोघांनाही कळून चुकलं होतं, आता लपायला जागा नव्हती. तो मनातल्या मनात बाळाचं नाव घ्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की बाळाचं नाव ठेवलं होतं की नाही हेच त्यानं कधी विचारलं नव्हतं. तेच विचारावं. पण तेच आता, इतक्या वर्षांनी, विचारायचं कसं? त्याचे ओठ हलले. तव्यावरची पोळी फुगली, तिनं ती उतरवली, ताट वाढून ओट्यावर ठेवलं. एकच ताट. मग हात पुसून ती हॉलमध्ये गेली, शाल उचलून बॅगेत घातली, चेन ओढली आणि पाठमोरीच थांबली. अजून थांबली. जितका वेळ माणूस थांबू शकतो तितका वेळ ती थांबली.

"गाडी किती वाजताची आहे?" सहादेवनं विचारलं.

तिनं सांगितलं.